बंदिस्त मत्स्यपालन : पाण्याची बचत, विजेची कसोटी

नवी दिल्ली : शेडमधील टाक्यांत तेच पाणी पुन्हापुन्हा शुद्ध करून गोड्या पाण्यातील मासे वाढविण्याच्या ‘आरएएस’ पद्धतीला २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने देशभर चालना दिली. पाणीटंचाईच्या भागांत तिचे आकर्षण स्वाभाविक आहे. मात्र या पद्धतीत मत्स्यपालकाची जोखीम संपत नाही. ती पावसावरून वीज आणि बाजारभावाकडे सरकते.

या पद्धतीत टाकीतील पाणी प्रथम गाळले जाते. त्यानंतर जैविक गाळणीतील जिवाणू माशांनी उत्सर्जित केलेल्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यामुळे ९० टक्क्यांहून अधिक पाणी पुन्हा वापरता येते. परंतु पंप आणि प्राणवायू पुरविणारी यंत्रे अहोरात्र चालवावी लागतात.

योजनेतील मोठ्या प्रकल्पात प्रत्येकी ९० घनमीटरच्या आठ टाक्या असून उत्पादनक्षमता ४० टन आहे. म्हणजेच एक घनमीटर पाण्यात सुमारे ५५ किलो मासे. एवढ्या दाटीत वीजपुरवठा खंडित झाला आणि पर्यायी व्यवस्था नसली, तर अल्पावधीतच संपूर्ण साठा दगावू शकतो.

आर्थिक गणितही तितकेच नाजूक आहे. या प्रकल्पाचा निर्धारित खर्च ५० लाख रुपये आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान मिळते. उर्वरित २० ते ३० लाख रुपये लाभार्थ्याला स्वतः किंवा कर्जातून उभे करावे लागतात. खाद्य आणि विजेचा खर्च पुढे चालूच राहतो. पंगस किंवा तिलापिया तळ्यांतूनही स्वस्तात बाजारात येत असल्याने त्यांच्याशी भावात टिकणे कठीण जाते. मरळ, शिंगी यांसारख्या जिवंत विकल्या जाणाऱ्या आणि चढा भाव मिळविणाऱ्या माशांत तुलनेने अधिक वाव आहे.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदरातील सवलत त्यात अभिप्रेत असल्याने बंदिस्त मत्स्यपालनासाठी तो विशेष महत्त्वाचा ठरतो. तथापि, स्वस्त वीज म्हणजे अखंड वीज नव्हे. त्यामुळे प्रकल्पाला मंजुरी देताना टाक्यांच्या मोजमापाबरोबरच जनित्राची सोय, पाणी तपासणीचे प्रशिक्षण, साठ्याचा विमा आणि निश्चित खरेदीदार यांचीही पडताळणी होणे आवश्यक आहे. अन्यथा अनुदानातून उभ्या राहिलेल्या टाक्या रिकाम्या पडतील आणि कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहतील.