किंमत छापणारे आणि किंमत विचारणारे

बाजाराच्या अर्थपंडितांना खेड्याचा शोध लागला, त्याला आता दोन दशके उलटून गेली. पिरॅमिडच्या तळाशी दडलेल्या संपत्तीविषयीचे सी. के. प्रल्हाद यांचे पुस्तक २००४ मध्ये आले आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात गरीब माणूस एकाएकी ‘ग्राहक’ या पदवीला पोहोचला. वास्तविक तमिळनाडूतील छोट्या उद्योजकांनी शाम्पूची पुडी त्याच्या वीस वर्षे आधीच गावोगावी नेली होती आणि अहमदाबादचे करसनभाई पटेल १९६९ पासून सायकलवरून धुण्याची पावडर विकत होते. त्यांना कुणा प्राध्यापकाने शिकवले नव्हते. असो. तेव्हापासून दर तिमाहीला ग्रामीण मागणीचे आलेख निघतात. पाऊस बरा झाला की साबण-बिस्किटांच्या कंपन्यांचे शेअर वधारतात, पाऊस रुसला की उतरतात. खेडे काय आणि किती विकत घेते, याची मोजदाद अगदी चोख होते. त्याच खेड्याचा माल काय भावाने गेला, हा प्रश्न त्या आलेखांच्या कक्षेतच येत नाही.

नाशिक जिल्ह्यात ही विसंगती उघड्या डोळ्यांना दिसते. बोलेरो आणि स्कॉर्पिओ या गाड्या ज्या शहरात तयार होतात, त्या शहरापासून तास-दीड तासावर लासलगावची कांद्याची बाजारपेठ आहे. पोलाद महागले की कारखाना गाडीची किंमत वाढवतो आणि तसे जाहीरही करतो. त्यात कुणाला गैर वाटत नाही. निफाड, चांदवड, येवला, देवळ्याचा शेतकरी मात्र ट्रॅक्टर भरून कांदा आणतो, लिलावाच्या रांगेत उभा राहतो आणि व्यापाऱ्याच्या तोंडून जो आकडा निघेल तो ऐकतो. डिझेल, खत, औषधे, मजुरी यांचा हिशेब त्या आकड्यात कुठेही नसतो. पट्टीतल्या हमाली-तोलाईच्या कपातीवरून २०२४ च्या एप्रिलमध्ये जिल्ह्यातील लिलाव कित्येक दिवस बंद पडले होते, हे शहरातल्या किती वाचकांना आठवते?

पट्टीचे पैसे घेऊन हाच शेतकरी दुकानात शिरतो, तेव्हा त्याच्यासमोर प्रत्येक वस्तूवर कमाल किंमत छापलेली असते. विकताना तो दुसऱ्याला भाव विचारतो, घेताना दुसऱ्याने छापलेला भाव मोजतो. बाजारात तो दोनदा जातो आणि दोन्ही वेळा त्याचे मत कुणी घेत नाही. कच्चा माल महागला तेव्हा पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाचच रुपयांचा राहिला, आतली बिस्किटे तेवढी कमी झाली. कांदा उत्पादकाला ही युक्ती उपलब्ध नाही. त्याचा क्विंटल शंभर किलोंचाच भरावा लागतो.

खेड्याचे राहणीमान सुधारलेच नाही, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील बावीस टक्के वाटा एकट्या धान्यावर जात असे. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत तो सुमारे पाच टक्क्यांवर आला. मोफत धान्याचा त्यात हातभार आहे, पण ताटात दूध, फळे, अंडी आली, घरात गॅस आला, मुलगी दुचाकीवरून महाविद्यालयात जाऊ लागली, हेही तितकेच खरे. या बदलाला नाके मुरडणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. स्वतः वातानुकूलित खोलीत बसून खेड्यातल्या माणसाने साधेपणा सोडू नये, असा उपदेश तो करतो. हे शुद्ध ढोंग आहे. शाम्पूची पुडी हा शेतकऱ्याच्या बायकोचाही अधिकार आहे.

प्रश्न वस्तूंचा नसून त्या कोणत्या पैशातून आल्या, हा आहे. त्याच पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागातील दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये, तर शहरातील ६,९९६ रुपये होता. ग्रामीण माणसाचा खर्च वाढला, म्हणून अर्थपंडितांनी टाळ्या वाजवल्या. पण खर्च म्हणजे मिळकत नव्हे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये भरले. त्यात पिकांपासून मिळालेले ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३ रुपये होते. म्हणजे शेतकरी म्हणवणारे कुटुंब शेतीपेक्षा मजुरीवर अधिक कमावत होते, आणि अशी निम्मी कुटुंबे कर्जात होती. नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक गेल्या दशकात थकबाकीने खिळखिळी झाली, पीककर्जासाठी शेतकरी दारोदार फिरला. हप्त्यावर मोटारसायकल आणि मोबाइल देणारा मात्र त्याच्या दारात उभा होता. पेरायला पैसा मिळत नाही, खर्चायला मिळतो, अशा अर्थव्यवस्थेला समृद्ध म्हणायचे असेल तर कर्जबाजारी कुणाला म्हणायचे?

आता या भावाचे दुसरे टोक पाहावे, कारण ते थेट शहरी स्वयंपाकघरात जाते. १९९८ मध्ये कांदा महागला आणि दिल्लीतील भाजपचे सरकार विधानसभा निवडणुकीत गेले. त्या पराभवाची धास्ती सर्वच पक्षांच्या मनात कायमची बसली. डिसेंबर २०१० मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने कांद्याची निर्यात थांबवली. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये मोदी सरकारने तेच केले. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क आले, आणि ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने दुसऱ्याच दिवसापासून निर्यात पूर्ण बंद झाली. दीड-दोन महिन्यांत लासलगावचा भाव निम्म्याहून खाली आला. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, नाशिक आणि दिंडोरीच्या मतदानाला सोळा दिवस उरले असताना. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. त्या निकालामागे कांदा नव्हता, असे समजणाऱ्यांनी एकदा चांदवडच्या चौकात उभे राहून पाहावे. आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून या चुकीकडे काणाडोळा करणे, हे सरकारच्याही हिताचे नाही.

हे सारे ज्या मध्यमवर्गासाठी केले जाते, त्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. चार माणसांचे घर महिन्याला पाच किलो कांदा खाते असे धरले आणि भाव किलोमागे वीस रुपयांनी वाढला, तर बोजा पडतो शंभर रुपयांचा. घरातल्या एका मोबाइलच्या रिचार्जला याहून अधिक लागतात. त्या शंभर रुपयांसाठी वृत्तवाहिन्या टाहो फोडतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले आणि त्याने ती रक्कम संतापाने पंतप्रधानांकडे मनीऑर्डरने पाठवली. त्याची बातमी झाली, चार दिवसांनी विरून गेली. शिवाय ग्राहकाने मोजलेले पैसे तरी बांधावर पोहोचतात का? रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधानुसार कांद्यावर खर्च झालेल्या रुपयातील सुमारे ३६ पैसे आणि टोमॅटोतील ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेले वाटेत राहतात.

शरद जोशींनी १९८० मध्ये याच जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर आणला, तेव्हा त्यांच्याशी मतभेद असणारेही पुष्कळ होते. मतभेद आजही असू शकतात. पण शेतमालाचा भाव पाडला जातो, हा त्यांचा मुद्दा पंचेचाळीस वर्षांत कुणाला खोडता आलेला नाही. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपनीने द्राक्षे परदेशी पाठवून आणि टोमॅटोवर प्रक्रिया करून वेगळी वाट दाखवली आहे. तिथे शेतकऱ्यांच्या कंपनीचे नाव वेष्टनावर छापले जाते. अशी उदाहरणे अजून मोजकीच आहेत, आणि कांद्यासारख्या पिकाला निर्यातीची खात्री नसताना ती वाढणेही कठीण.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, बिस्किटे यांवरील जीएसटी पाच टक्क्यांवर आला, ट्रॅक्टर आणि लहान मोटारसायकलीही स्वस्त झाल्या. निर्णय चांगला होता. त्याची तारीख कंपन्यांना आणि दुकानदारांना तीन आठवडे आधी ठाऊक होती, नवी किंमत छापायला त्यांना सवड मिळाली. उन्हाळ कांद्याचे उळे दिवाळीच्या आगेमागे टाकले जाते, लागवड डिसेंबर-जानेवारीत होते आणि माल निघतो मार्च-एप्रिलमध्ये. १ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क उठले. ते पुन्हा केव्हा लागू होईल, की होणारच नाही, हे उळे टाकणाऱ्याला हंगामापूर्वी लेखी सांगायला दिल्लीत कुणी तयार आहे काय? साबणाच्या कंपनीला मिळालेली तीन आठवड्यांची सवड लासलगावच्या शेतकऱ्याने मागितली, तर ती नाकारण्याचे एक तरी कारण कृषिमंत्र्यांनी आणि वाणिज्यमंत्र्यांनी द्यावे.