सातशे गिऱ्हाइकांच्या चारशे तक्रारी

गिऱ्हाइकाची तक्रार आली की दुकानदाराच्या कपाळाला आठी पडते, हा जगाचा रिवाज आहे. तक्रारी वाढल्या म्हणजे माल वाईट आहे किंवा गिऱ्हाईक कटकटे आहे, असे दोनच निष्कर्ष व्यवहारात काढले जातात. संगणकावरील खेळांच्या धंद्यात एका छोट्या निर्मात्याने २०२१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आपल्या तक्रारवहीचा जो हिशेब जाहीर केला, त्याने या दोन्ही निष्कर्षांना चांगलाच तडा दिला. 'डेल्टा-व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न' हा त्याचा खेळ. शनीच्या कड्यांमध्ये खाणकाम करणारे यान खेळाडूने हाकायचे असते आणि त्या यानाची गती, वस्तुमान, इंधन यांचे गणित न्यूटनच्या नियमांनी चालते. त्या वेळेपर्यंत या खेळाच्या बारा हजारांहून किंचित अधिक प्रती खपल्या होत्या. त्यांपैकी सुमारे सातशे, म्हणजे ५.८ टक्के, लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांनी घेतल्या होत्या. परंतु निर्मात्याकडे आलेल्या १०४० दोष-अहवालांपैकी सुमारे चारशे, म्हणजे ३८ टक्के, या मूठभर सातशेंचे होते. उरलेल्या अकरा हजारांहून अधिक खेळाडूंनी मिळून ६४० अहवाल धाडले. म्हणजे त्यांच्यात अठरा जणांमागे जेमतेम एक अहवाल, तर लिनक्सवाल्यांत पावणेदोन जणांमागे एक.

एवढेच आकडे एखाद्या हिशेबनिसाच्या हाती पडते, तर त्याने लिनक्सवर तत्काळ फुली मारली असती. विक्री सहा टक्के आणि कटकट अडतीस टक्के, असे तो म्हणाला असता. पण याच हिशेबातील तिसरा आकडा सर्वांत बोलका आहे. त्या चारशे अहवालांपैकी केवळ लिनक्सवरच उद्भवणारे दोष होते अवघे तीन. बाकीचे सारे दोष विंडोजवर खेळणाऱ्यांनाही छळत होते. त्यांनी ते निमूटपणे सोसले, किंवा खेळ बंद करून ते दुसऱ्या कामाला लागले. म्हणजे सातशे जण आपली गाऱ्हाणी मांडत नव्हते, बारा हजारांच्या वतीने बोलत होते. त्यातही निर्मात्याला खरे समाधान वाटले ते अहवालांच्या संख्येपेक्षा त्यांच्या प्रतीचे. प्रणालीची आवृत्ती, खेळाने लिहिलेल्या नोंदी, दोष पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या, प्रोग्राम कोसळला त्या क्षणीचे स्मृतीचे चित्र, हे सारे त्याला न मागता मिळत होते.

प्रोग्रामरच्या दृष्टीने हा फरक किती मोलाचा आहे, हे बाहेरच्या माणसाला सहज कळणार नाही. 'खेळ चालत नाही, पैसे परत द्या' असे चिठ्ठीवर आले, तर तिच्यातून रागाखेरीज काहीही कळत नाही. याउलट, 'दुसऱ्या टप्प्यावर जतन केलेला खेळ उघडला, नकाशा दोनदा उघडून मिटला, तिसऱ्यांदा उघडताच खेळ बंद पडतो. दहापैकी दहा वेळा असेच घडते. नकाशा पूर्ण पडद्यावर नसेल तर घडत नाही' असे कोणी लिहिले, तर निम्मे काम झालेले असते. जो दोष हवा तेव्हा घडवून आणता येतो, तो शोधता येतो; जो कधीतरी, कोणाच्यातरी घरी घडतो, त्याच्यामागे महिनोन्‌महिने धावावे लागते. वैद्यासमोर बसून 'बरे वाटत नाही' एवढेच म्हणणारा रोगी आणि 'परवा रात्रीपासून जेवल्यानंतर अर्ध्या तासाने उजव्या कुशीत दुखते' असे सांगणारा रोगी, यांच्यात जे अंतर, तेच इथे आहे.

हे अंतर पडते कशाने? लिनक्सचे लोक जात्याच हुशार असतात, हे उत्तर त्या मंडळींना सुखावणारे असले तरी पुरेसे नाही. निवड होऊन आलेली माणसे हे एक कारण निश्चितच आहे. संगणक विकत घेतला की त्यावर विंडोज बहुधा असतेच. लिनक्स मात्र आपणहून आणून बसवावे लागते. तसे करताना ज्याने डिस्कचे विभाग पाडले, ग्राफिक्स कार्डासाठी योग्य ड्रायव्हर शोधला आणि एकदा तरी काळ्या पडद्याकडे हताशपणे पाहत रात्र काढली, त्याला यंत्राशी कसे बोलावे हे थोडेफार कळलेले असते. शिवाय हा खेळही पदार्थविज्ञानाची आवड असलेल्यांना ओढणारा; तेव्हा त्याचे आकडे जसेच्या तसे दुसऱ्या खेळाला लावता येणार नाहीत. तथापि केवळ निवडीवर सारे ढकलणे म्हणजे प्रश्न टाळणे होय. विंडोजवरही लक्षावधी कसलेले प्रोग्रामर खेळ खेळतात. ते का लिहीत नाहीत?

याचे उत्तर वळणात आहे. आणि वळण लागते ते संस्थेमुळे. लायनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक छोटी प्रणाली करीत असल्याचे जाहीर केले, तेव्हाच लोकांना त्यात काय हवे आहे याची विचारणाही केली होती. पुढच्याच वर्षी ती प्रणाली मुक्त परवान्याखाली आली. तेव्हापासून लिनक्सच्या जगात वापरणारा आणि घडविणारा यांच्यामध्ये भिंत उभी राहिली नाही; फार तर एक उंबरठा राहिला. ग्राहक-सेवेचा मधुर आवाज तिथे नाही, आणि भरपाईची आशाही नाही. दोष दुरुस्त व्हायला हवा असेल, तर जो माणूस तो दुरुस्त करणार त्याला पटेल असे लिहिणे एवढाच उपाय. अर्धवट लिहिले, आधी आलेलीच तक्रार पुन्हा केली, आवृत्ती सांगितली नाही, तर उत्तर रोखठोक येते आणि कधी कधी ते उद्धटही असते. ही शिकवण गोड नव्हती, आणि तिच्यामुळे अनेक नवशिके दुखावून निघून गेले, हेही नमूद केले पाहिजे. पण जे टिकले ते शिकले. सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रामरने दोष कसा कळवावा यावर १९९९ मध्ये लिहिलेला निबंध या मंडळींत आजही नव्या माणसाच्या हाती दिला जातो. त्याचा रोख साधा आहे : जे केले ते सांगा, जे दिसले ते सांगा, आणि स्वतःचे निदान लक्षणांत मिसळू नका.

या शिकवणीची पातळी कुठवर जाते, याचे एक उदाहरण पुरे आहे. टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये गिट हे साधन तयार केले. कालच्या आवृत्तीत चालणारी गोष्ट आजच्या आवृत्तीत मोडली असेल, आणि दोहोंच्या दरम्यान हजार बदल झाले असतील, तर गिट त्या बदलांचा मध्य काढून देते. वापरणाऱ्याने ती मधली आवृत्ती चालवून पाहायची आणि 'चांगली' किंवा 'वाईट' एवढेच सांगायचे. दर खेपेस निम्मे संशयित सुटतात. दहा खेपांत हजारांतून एक गुन्हेगार बदल हाती लागतो. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे लोक ही चाचणी साध्या वापरणाऱ्याला बिनदिक्कत करायला सांगतात, आणि तो आपली सुटीची दुपार खर्ची घालून ती करतो. ज्याने एकदा असे काम केले आहे, त्याला खेळातील दोषाच्या पायऱ्या लिहून काढणे म्हणजे हातचा मळ.

साधनांचाही वाटा आहेच. लिनक्सवर खेळ टर्मिनलमधून चालविला, तर तो कोसळण्यापूर्वी काय काय बडबडला ते डोळ्यांसमोर ओळीने उभे राहते. विंडोजमध्ये अशी साधने नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती आहेत, आणि उत्तम आहेत. परंतु सामान्य खेळाडूच्या वाट्याला येते ती 'प्रोग्राम बंद पडला आहे' असे सौजन्याने सांगणारी खिडकी. दिवाणखान्यातील कन्सोलवर तर एका बटणापलीकडे काहीच हाती नसते. ज्याला आतले काहीच दाखवायचे नाही असे कंपनीने ठरविले, त्याने आतले काही सांगितले नाही म्हणून त्याला नावे ठेवणे बरे नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे अनुभव. एएमडी आणि इंटेल यांच्या ग्राफिक्स कार्डांसाठी लिनक्सवर जे मेसा नावाचे मुक्त ड्रायव्हर वापरले जातात, त्यांत दोष कळविला तर तो कोणी वाचला, त्यावर काय चर्चा झाली आणि कोणत्या आवृत्तीत दुरुस्ती आली, हे सारे कळविणाऱ्याला उघड दिसते. आपल्या चार ओळींनी जगातली एक गोष्ट नीट झाली, हे ज्याने पाहिले तो पाचवी ओळ अधिक काळजीने लिहितो. मोठ्या कंपनीच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकून 'आपला अभिप्राय आम्हास मोलाचा आहे' एवढेच यांत्रिक उत्तर ज्याला पाचदा मिळाले, तो सहाव्यांदा गप्प बसतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. वास्तविक त्याला गप्प बसायला शिकविण्यात आलेले असते.

आता दुसरी बाजू. 'प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशन' हा २०१४ सालचा खेळ ज्यांनी घडविला, त्यांच्यापैकी एकाने २०१९ च्या सुमारास नेमका उलटा अनुभव सांगितला. त्यांच्या विक्रीत लिनक्सचा वाटा ०.१ टक्क्याहूनही कमी, तर आपोआप नोंदल्या गेलेल्या कोसळण्यांत आणि मदतीच्या मागण्यांत तो २० टक्क्यांहून अधिक. आणि त्यातील बहुतेक प्रकरणे ग्राफिक्स ड्रायव्हरची. पुन्हा प्रसंग आला तर लिनक्सच्या वाटेला जाणार नाही, असे त्याचे म्हणणे. हा अनुभव खोटा ठरविण्याचे कारण नाही. त्या काळी लिनक्सचे ड्रायव्हर खरोखरच कच्चे होते. पण या मोजणीत यंत्राने आपोआप धाडलेल्या नोंदीही होत्या, आणि माणसाने विचार करून लिहिलेला अहवाल ही वेगळी वस्तू आहे. दोन्ही एकाच तागडीत घातल्या की लिनक्सचा गिऱ्हाईक डोकेदुखी ठरतो.

शिवाय जे दोष लिनक्सचे म्हणून गणले जातात, त्यांतले पुष्कळसे मुळात खेळाचेच असतात. विंडोज फाइलच्या नावातील मोठ्या-लहान रोमन अक्षरांत सहसा भेद करीत नाही, लिनक्स करते. चित्राच्या फाइलचे नाव एका ठिकाणी मोठ्या अक्षराने आणि दुसऱ्या ठिकाणी लहान अक्षराने लिहिले गेले, तर विंडोजवर ती चूक झाकली जाते आणि लिनक्सवर चित्रच गायब होते. स्मृतीतील एखादी जागा भरण्यापूर्वीच वाचली जात असेल, तर ती चूक एका यंत्रावर वर्षानुवर्षे निर्धास्त झोपते आणि दुसऱ्या यंत्रावर पहिल्याच दिवशी खेळ पाडते. अशा चुका उघड्या पाडायला दुसरी प्रणाली लागते, आणि त्या नीट शब्दांत सांगायला दुसऱ्या वळणाचा माणूस.

छोट्या निर्मात्याच्या दृष्टीने यात पोटापाण्याचा प्रश्न गुंतलेला आहे. मोठी कंपनी पगारी परीक्षकांची फौज ठेवू शकते. दोन-चार माणसांच्या गटाला ते परवडत नाही. ज्या सातशे जणांनी खेळाची किंमतही मोजली आणि वर परीक्षकांचे कामही केले, त्यांना विक्रीच्या टक्केवारीने तोलणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

परंतु ही स्थिती अशीच राहील, याचा भरवसा नाही. स्टीम या दुकानाने २०१३ च्या फेब्रुवारीत लिनक्सवर पाऊल ठेवले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन हा दुभाषा आणला, ज्याच्यामुळे विंडोजसाठी केलेले खेळ लिनक्सवर चालू लागले. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत स्टीम डेक हे हातात धरून खेळण्याचे यंत्र बाजारात आले, जे आतून लिनक्सच आहे. खेळाडूंची संख्या यामुळे वाढली, ही आनंदाची गोष्ट. पण डेक घेणाऱ्याने काही बसविलेले नसते, काळ्या पडद्यापुढे रात्र काढलेली नसते. त्याला आपण लिनक्स वापरतो हेही ठाऊक नसेल. नव्या पाहुण्यांना जुने वळण आपोआप लागेल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. दुसरीकडे, ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी 'एपेक्स लेजंड्स' या लोकप्रिय खेळाने फसवेगिरी रोखण्याचे कारण देऊन लिनक्सवाल्यांना दार बंद केले. फसवेगिरीची अडचण खरी असेलही; पण दार लावताना चोरांबरोबर आपण कोणाला बाहेर ठेवीत आहोत, याची मोजदाद झाली असेल असे वाटत नाही.

प्रोटॉनने सोयीबरोबर एक दुरावाही आणला आहे. खेळाच्या आतून पाहिले तर प्रोटॉनवरचा खेळाडू बहुधा विंडोजवरच बसलेला दिसतो, म्हणून कित्येक निर्मात्यांनी लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती काढणेच सोडून दिले. खेळाडूने तरीही जुन्या सवयीने आवृत्ती, नोंदी, पायऱ्या असे सारे व्यवस्थित लिहून धाडले, तर पहिल्याच ओळीत 'प्रोटॉन' हा शब्द पाहून काही कंपन्यांचे मदतनीस 'या पद्धतीला आमचा पाठिंबा नाही' असे उत्तर देऊन कागद मिटवतात. तो दोष विंडोजवरही असेल का, हे पाहण्याचे कष्ट मग कोणी घेत नाही.