साइटेशन मोजून झाली असतील तर आता बायका मोजा

पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. जमलं तर घरातल्या बायकांना वाचून दाखवा.

परवा एका ग्रुपवर अभिनंदनाची पोस्ट फिरली. कोणी कॅन्सर संशोधक, इतके शे पेपर, इतकी हजार साइटेशन, एच-इंडेक्स एवढा, जगातल्या पहिल्या दोन टक्क्यांत नाव. खाली हात जोडलेले, फुलं, टाळ्या. मी एवढंच विचारलं, "यांनी शोधलं काय?" कोणालाच माहीत नव्हतं. उलट मलाच ऐकवलं, निगेटिव्ह बोलू नका!

साइटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरात दिलेला तुमच्या पेपराचा दाखला. एच-इंडेक्स ४० म्हणजे तुमच्या ४० पेपरांना प्रत्येकी निदान ४० दाखले. हे मोजमाप हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलं. त्यात वाईट काही नाही. पण खोडून काढायला दिलेला दाखलाही त्यात धरला जातो, आणि स्वतःच स्वतःला दिलेलासुद्धा. पेपरामुळे माणूस वाचला का, हे मात्र त्यात कुठेच येत नाही.

आता एक खरा पेपर सांगतो. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून काम केलं. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने, टाटाचे डॉ. शास्त्री ही त्यातली नावं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी एका गटाची एचपीव्ही चाचणी केली, आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी हिशोब केला. चाचणीच्या गटात ३४ हजारांत ३४ मृत्यू. ज्यांची तपासणी केली नाही त्या गटात ३१ हजारांत ६४. म्हणजे जवळजवळ निम्मे मृत्यू टळले.

२००९ मध्ये हे अमेरिकेच्या नामांकित नियतकालिकात आलं आणि जगभर त्याचे दाखले दिले गेले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच चाचणी आधी करा म्हणून सांगितलं. दाखल्यांचा उपयोग होतो तो असा. मान्य.

पण ते ६४ मृत्यू कोणाचे? आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या मराठी बायकांचे. कुठे तपासता येईल एवढी माहिती देऊन त्यांना तुलनेसाठी ठेवलं होतं. त्यावर वादही झाला, आणि व्हायलाच हवा होता. त्यांच्या मरणावर जग शहाणं झालं. आणि आपण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ सांगते, देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नाही.

कोणी म्हणेल, संशोधकाने संशोधन केलं, गावात चाचणी आणणं सरकारचं काम. अगदी बरोबर! माझा राग संशोधकावर नाहीच. राग आहे तो आकड्याला हार घालून घरी जाणाऱ्या आपल्यावर, आणि तपासणी कागदावर ठेवणाऱ्यांवर. टाटाचं संशोधन केंद्र खारघरला, आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यांतली बाई दुखणं अंगावर काढते. नवरा मुंबईला, सासू घरी, एसटीचा भरवसा नाही. हा कॅन्सर व्हायला बरीच वर्षं लागतात, आधी सापडला तर साध्या उपचाराने थांबतो. दुखायला लागल्यावर उशीर झालेला असतो.

२२ जुलै २०२१ ला दरड आली आणि तळीयेचं नाव देशभर झालं. नाव होणं आणि काम होणं यातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा. गावात तिशीवरच्या बायका किती? त्यातल्या किती जणींची तपासणी झाली? दोष निघाला त्यातल्या किती उपचारापर्यंत पोचल्या? उत्तर लेखी घ्या आणि इथे कमेंटमध्ये टाका.

ज्या दिवशी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "सगळ्या" असं येईल, त्या दिवशी बार्शीच्या त्या पेपराचा बॅनर मी स्वतःच्या खर्चाने लावीन.