गणितातले विमान आणि आकाशातले विमान

‘दिल्ली ते टोकियो हे अंतर ५,८५० किलोमीटर आहे. विमानाची एकसमान चाल ताशी ८०० किलोमीटर असल्यास प्रवासास किती वेळ लागेल?’ अंतर भागिले चाल. उत्तर सुमारे ७ तास १९ मिनिटे. नववीचा विद्यार्थी हे उदाहरण सहज सोडवतो आणि पूर्ण गुण मिळवतो. माझे म्हणणे असे की, खरे विज्ञान या उत्तरानंतर सुरू होते आणि नेमके तेथेच आपण पुस्तक मिटतो.

विद्यार्थिमित्रांनो, विमानाचे वेळापत्रक कधी वाचले आहे का? समजा, एक विमान दिल्लीहून रात्री ८ वाजता सुटून टोकियोला दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता पोहोचते. परतीचे विमान तेथून सकाळी ११-३० ला निघून दिल्लीला संध्याकाळी ५-१५ ला उतरते. नुसती वजाबाकी केली, तर जाताना ११ तास आणि येताना पावणेसहा! पण या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाच्या आहेत आणि टोकियोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. ही दुरुस्ती करा. जाताना साडेसात तास, येताना सव्वानऊ. जो प्रवास लांबलचक वाटला, तोच कमी वेळाचा निघाला! हिवाळ्यातल्या प्रत्यक्ष वेळाही साधारण अशाच असतात.

अंतर तेच, मग हा पावणेदोन तासांचा फरक कशामुळे? जमिनीपासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात. हिवाळ्यात जपानवर त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने आकाशात फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ साली आपली निरीक्षणे एस्पेरान्तो भाषेत प्रसिद्ध केली.

‘जाताना मिळाले ते येताना गेले, हिशेब फिटला,’ असे कोणी म्हणेल. करून पाहा. वाऱ्याचा वेग सर्वत्र ताशी १०० किलोमीटर धरा. जाताना चाल ९००, वेळ साडेसहा तास. येताना ७००, वेळ ८ तास २१ मिनिटे. एकूण १४ तास ५१ मिनिटे. वारा नसता, तर सुमारे १४ तास ३७ मिनिटे लागली असती. हिशेब फिटत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमानाला जास्त वेळ काढावा लागतो.

अंतराचीही तीच गोष्ट. ५,८५० किलोमीटर म्हणजे पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये ताणलेल्या दोऱ्याची लांबी. हा दोरा तिबेटवरून जातो. विमानातील हवेचा दाब अचानक घटला, तर वैमानिकाला सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. तिबेटचे पठार तर सरासरी साडेचार किलोमीटर उंच! म्हणून विमाने शक्यतो त्याला वळसा घालतात.

अभ्यासक्रम पुरा करण्याची शिक्षकांची घाई मी जाणतो. पण या पाठाला प्रयोगशाळा लागत नाही. एक वेळापत्रक, एक पृथ्वीगोल आणि हातभर दोरा पुरे. सूत्र चुकीचे नाही. ते कोणत्या अटींवर खरे आहे, हे विचारायला आपण शिकवत नाही. उदाहरणात ‘एकसमान’ हा शब्द का घातला आहे, असा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याला भागाकार येतो; भौतिकशास्त्र अजून यायचे आहे.