आडनावावरून माणूस मोजता येतो का?

माझी भाची राज्यशास्त्रात एमए झाली आणि आता पीएचडीच्या खटपटीत आहे. ईदला घरी आली तेव्हा शीरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "मामू, विषमतेच्या राजकारणावर काम करायचंय. पण सर म्हणतात, आधी पद्धत ठरव. सर्व्हे करणार की मुलाखती घेणार?"

मी विचारले, "आणि प्रश्न काय आहे तुझा?"

"तो नंतर बघू म्हणतात."

हे ऐकून मला हसू आले, पण नंतर बराच वेळ ते डोक्यातून जाईना. समाजशास्त्रांत शिरणाऱ्या आपल्या मुलामुलींना दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक असा की, तुम्ही मुस्लिम आहात, मोहल्ल्यात तुम्हाला कोणी अडवत नाही, तेव्हा तुम्ही मुलाखती घ्या, अनुभव गोळा करा. दुसरा अगदी उलट. आकडे नसतील तर परदेशी नियतकालिक दारात उभे करणार नाही, तेव्हा सांख्यिकी शिका, बाकी सोडा. पहिला सल्ला गोड वाटतो, पण त्यात एक मेख आहे. आपण साक्षीदार व्हायचे आणि निष्कर्ष दुसऱ्याने काढायचे, अशी ती वाटणी असते. दुसऱ्या सल्ल्यात आकडा कसा तयार झाला हे विचारायची सोय नसते. पद्धत कोणती, यावर कोण मोजला जाणार आणि कोण गळणार हे ठरते. महाराष्ट्रात हे आपण नुकतेच पाहिले आहे.

४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात निकाल दिला. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ओबीसींना राजकीय आरक्षण द्यायचे असेल तर स्वतंत्र आयोग नेमा, मागासलेपणाचा काटेकोर अभ्यास करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, अशी तिहेरी अट त्यात होती. तेव्हापासून 'इम्पिरिकल डेटा' हा शब्द चहाच्या टपरीवर पोहोचला. राज्याकडे असा डेटा नव्हता. मग मार्च २०२२ मध्ये माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली समर्पित आयोग आला. हेच बांठिया २००१ च्या जनगणनेच्या वेळी देशाचे जनगणना आयुक्त होते. म्हणजे मोजदादीतला या देशातला जाणता माणूस. पण हातात वेळ थोडा होता. मतदार याद्या घेतल्या गेल्या आणि आडनावावरून ओबीसी कोण, याचा अंदाज बांधण्याचे काम सुरू झाले.

ओबीसी नेत्यांनी त्यावर लगेच हरकत घेतली आणि ती बरोबरच होती. पवार, जाधव, गायकवाड, चव्हाण ही आडनावे मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत, भटक्या-विमुक्तांतही आहेत. यादीतला 'जाधव' कोणत्या रकान्यात टाकायचा, हे संगणकाला कसे कळणार? तरी जुलै २०२२ मध्ये अहवाल आला, त्यात ओबीसींची लोकसंख्या ३७ टक्के धरली गेली आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्या आधारे निवडणुकांना वाट मोकळी केली. पुढे प्रभागरचना आणि कोर्टकचेऱ्यांत निवडणुका पुन्हा अडकल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने, या अहवालाच्या आधी ओबीसींची जी स्थिती होती ती धरून निवडणुका घ्या, असे सांगितले.

या सगळ्या गदारोळात मुस्लिम आडनावांचे काय झाले, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी, मणियार, कुरेशी असे आडनाव लावणारा निदान यादीत दिसेल तरी. पण आपल्याकडे निम्मा गाव 'शेख' लावतो. फळे विकणारा बागवान शेख असतो, गादी पिंजणारा पिंजारी शेख असतो आणि स्वतःला अशराफ म्हणवणाराही शेखच असतो. मतदार यादीतला 'शेख' ओबीसी की खुला? आडनावावरून काढलेल्या उत्तरात हजारो कुटुंबे एक तर चुकीच्या रकान्यात गेली असतील, नाही तर कुठेच गेली नसतील. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीपुढे फक्त 'मुसलमान' एवढेच आहे. मास्तरांनी विचारले नसेल, आजोबांनी सांगितले नसेल. पण ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात तेव्हा तो एक शब्द तीन पिढ्यांना नडतो. आमच्या घरात अब्बांनी चपला झिजवल्या, मग मी झिजवल्या.

असे असले तरी आडनावाची पद्धत सरसकट टाकाऊ म्हणता येत नाही. याच देशात नावाच्या आधारावर झालेले एक काम माझ्या मते आपल्या प्रश्नावरचा सर्वात भक्कम पुरावा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी. काही उच्चजातीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. ६६ आठवडे, ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. शंभर तरुणांच्या मुलाखती घेऊन हे सिद्ध झाले नसते. प्रत्येकाला सुनावता आले असते की बाबा, तुझे इंग्रजी कच्चे असेल, तुझा अनुभव कमी असेल. इथे अर्जदार मुळात अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे त्याच्यात खोट काढायला जागा राहिली नाही.

तसेच दुसरे काम शहरांतल्या वस्त्यांबद्दलचे. जनगणना धर्माचे आकडे छापते, पण गल्ली-मोहल्ल्याच्या पातळीवर ते मिळत नाहीत. म्हणून संशोधकांनी सरकारी याद्यांमधल्या नावांवरून मुस्लिम कोण हे ओळखणारे संगणकी प्रोग्राम तयार केले. त्या आधारे देशभरातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांचा अभ्यास झाला. ८० टक्क्यांहून अधिक मुस्लिम असलेल्या वस्त्यांत शहरी मुस्लिमांपैकी २६ टक्के राहतात आणि अशा वस्त्यांत सरकारी शाळा, दवाखाने, नळाचे पाणी कमी पोहोचते, असे त्यातून पुढे आले. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा इथे राहणाऱ्याला यात नवीन काय, असे वाटेल. पण महापालिकेच्या सभेत 'आमच्याकडे पाणी येत नाही' म्हणणे आणि देशभरचा नकाशा पुढे ठेवणे यात फरक आहे.

आडनाव तेच, मग एकीकडे ते पुरावा होते आणि दुसरीकडे गोंधळ, असे का? कारण प्रश्न वेगळे आहेत. समोरचा माणूस मुस्लिम आहे एवढे कळल्यावर त्याच्याशी कसे वागले जाते, हा प्रश्न असेल तर नाव पुरते. नाव वाचूनच तर दार बंद होते! पण मुस्लिमांमध्ये मागे कोण राहिले, हा प्रश्न असेल तर तेच नाव सगळे झाकून टाकते. माझ्या भाचीच्या सरांना मला हेच सांगायचे आहे. प्रश्नाआधी पद्धत ठरवणे म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी कापड बेतून ठेवणे.

या दुसऱ्या प्रश्नाला आपण स्वतःही फारसे तोंड देत नाही, हेही लिहिले पाहिजे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातले काही आकडे आपल्या प्रत्येक भाषणात असतात. आयएएसमध्ये ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के. पण त्याच अहवालात मुस्लिम ओबीसींवर वेगळे प्रकरण आहे, ते क्वचितच कोणी उघडतो. राष्ट्रीय नमुना पाहणीत १९९९-२००० मध्ये ३१.७ टक्के मुस्लिमांनी स्वतःला ओबीसी म्हटले होते, २००४-०५ मध्ये ४०.७ टक्क्यांनी. पाच वर्षांत ९ टक्के माणसे नव्याने मागास जातीत जन्माला आली काय? तसे नव्हे. याद्यांत जाती आल्या, दाखले मिळू लागले, लोकांना आपण कोणत्या रकान्यात बसतो हे समजले. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी आणि विलास सोनवणे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी नव्वदच्या दशकात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर आले, तेव्हा 'इस्लाममध्ये जात कुठे आहे' म्हणून त्यांच्यावर टीका करणारेही आपल्यातलेच होते. आकडा चळवळीने बदलतो. ज्याला हे दिसत नाही तो तो आकडा संगणकात घालून कितीही समीकरणे मांडो, त्याला एवढेच दिसेल की कसले तरी 'वाढीचे प्रमाण' आहे.

भाचीशी बोलता बोलता तिचा प्रश्न हळूहळू बाहेर आला. तिला जाणून घ्यायचे आहे की, नगरपालिका-महापालिकांत ओबीसी आरक्षण आल्यावर निवडून येणारे मुस्लिम बदलले का. आधी ज्यांची घरे मोठी, ज्यांची जमीन, ज्यांचे दर्ग्यावर किंवा पक्षात वजन, तेच निवडून येत. आरक्षणानंतर कुरेशी, मोमीन, बागवान खरोखर पुढे आले, की त्याच घराण्यांनी आपल्या माणसांना उभे केले? मला हा प्रश्न फार आवडला. यात मुस्लिम-बिगरमुस्लिम विषमता आहे आणि मुस्लिमांच्या आतलीही.

पद्धत त्यानंतर सुचायला लागली. राखीव जागा सोडतीने ठरतात. सोडत म्हणजे संशोधकाला आयतीच मिळालेली चाचणी, कारण कोणता वॉर्ड राखीव होणार हे तिथल्या माणसांच्या लायकीवर अवलंबून राहत नाही. रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेत हेच केले. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले जे वॉर्ड २००२ मध्ये खुले झाले, तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट होती, असे त्यांना आढळले. आरक्षण उठल्यावर बायका घरी बसतात, हे म्हणणे त्यामुळे निकालात निघाले. राज्यशास्त्रातल्या एखाद्या लेखाने गल्लीतला वाद इतका स्वच्छ सोडवल्याचे उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

पण भाचीला ते जसेच्या तसे उचलता येणार नाही. स्त्री-पुरुष यादीत दिसतात, बागवान-सय्यद दिसत नाहीत. राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्याला जातीचे प्रमाणपत्र द्यावे लागते, तेव्हा त्याची जात कागदावर सापडते. खुल्या जागेवरून निवडून आलेल्याची सापडत नाही. आणि तुलना तर या दोघांचीच करायची आहे! शिवाय मुंबईत एका वॉर्डात एक नगरसेवक, बाहेर बऱ्याच ठिकाणी चार जणांचा प्रभाग, त्यामुळे कोण कोणाच्या बळावर आले हे वेगळे काढणे कठीण. इथे सांख्यिकी थांबते आणि जमातीच्या जुन्या वह्या, निकाहनाम्यावरची नावे, कोणाच्या घरी कोणाची मुलगी दिली जाते, हे माहीत असलेल्या बायका कामाला येतात. हे ज्ञान आमच्या आपांकडे आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते मिळत नाही. मुलाखतीची खरी जागा ही आहे. तिच्या सरांनी सुचवलेल्या 'मोहल्ल्यातले अनुभव' गोळा करण्यासाठी नव्हे, तर आकड्यात जो रकाना रिकामा आहे तो भरण्यासाठी.

एक अडचण मात्र मलाही सुटलेली नाही. जात विचारली की आपले लोक गप्प होतात किंवा मोठी जात सांगतात. पिंजारी मन्सुरी होतो, जुलाहा अन्सारी होतो, तोपर्यंत ठीक आहे. तो त्यांनी स्वतः निवडलेला मान आहे. पण कोणी एकदम सय्यद होतो. अनोळखी माणसाने वही काढून विचारले तर असे होणारच. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षणात काय झाले ते केंद्राने २०२१ मध्ये न्यायालयात सांगितलेच आहे. देशभरात ४६ लाख जातींची नावे नोंदली गेली, एकट्या महाराष्ट्रात ४ लाख २८ हजारांवर. कोणी आडनाव सांगितले, कोणी गोत्र, कोणी धंदा, आणि प्रगणकाने जसे ऐकू आले तसे लिहिले. १९३१ च्या जनगणनेत ही संख्या ४,१४७ होती.

आता पुन्हा मोजणी येते आहे. पुढच्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी झाला आणि १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली. प्रगणक दारात येईल, जात विचारेल आणि आपल्यातले निम्मे लोक 'शेख' सांगून चहा विचारतील. उरलेले 'आम्ही मुसलमान, आमच्यात जात नसते' म्हणतील. श्रद्धेपोटी कोणी तसे म्हणत असेल तर मी वाद घालणार नाही. पण मग पाच वर्षांनी कोर्टात आकडे नसल्याचा दोष फक्त सरकारला देता येणार नाही.

परवा भाचीने फोन केला. पहिली मुलाखत तिने घरातच घेतली, माझ्या आपांची. आपली जात काय, असे विचारल्यावर आपा म्हणाल्या, "शेख लिही." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुझ्या नानांच्या दाखल्यासाठी काय लिहिलं होतं ते तुझ्या मामूला विचार."