माळी टिकत का नाही?

मंडळी, आळंदीत आम्ही निवृत्त माणसे जमलो की गुडघेदुखीच्या खालोखाल एकच विषय असतो. भरवशाचा माळी मिळत नाही! एक येतो, दोन खेपा करतो आणि तिसऱ्या खेपेला त्याचा फोनच लागत नाही. दुसरा ऐन चैत्रात कळ्यांनी भरलेला मोगरा "साफ" करून देतो. मोगरा थंडीत छाटायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलेलेच नसते.

यावर आमच्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे, "आजकाल कुणाला कष्टच नकोत." मला हे मुळीच पटत नाही. चाकणला 1999 मध्ये बजाजचा कारखाना आला, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा. त्यांच्या आगेमागे कितीतरी लहानमोठे कारखाने आले. आमच्याकडची मुले पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असतात, रात्रपाळ्या करतात. ती काय कष्टाला भितात? तिथे, कंत्राटी का होईना, पगार महिन्याचा असतो. आपण मात्र माळ्याला "सवड होईल तसा ये" म्हणतो, पावसाने खाडा झाला की पैसे कापतो, आणि वर त्याने घड्याळाच्या काट्यावर यावे अशी अपेक्षा! भरवसा दोन्ही बाजूंनी लागतो.

दुसरे म्हणजे, माळीकाम म्हणजे गवत उपटणे, अशी आपली समजूत. गुलाबाची छाटणी पावसाळा सरल्यावर, मोगऱ्याचे पाणी छाटणीआधी तोडायचे, हे अनुभवाचे शास्त्र आहे. आयटीआयमध्ये यासाठी फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रमसुद्धा आहे. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माळी नेईल तिकडे निमूट जाणाऱ्या पाण्याचा दृष्टांत आहे. माउलींच्या काळातल्या सावता महाराजांना अरणच्या मळ्यातच विठ्ठल भेटला. हे सगळे आपण कीर्तनात माना डोलावत ऐकतो आणि घरी येऊन माळ्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो.

माझ्याकडे चार वर्षे एक गृहस्थ येतात. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला बाई. दरवर्षी ते पालखीबरोबर पंढरपूरला जातात. नेमके तण माजते त्या दिवसांत अठरा-वीस दिवस गैरहजर! पण आठवडाभर आधी सांगतात, कुंड्यांत पाणी साचू नये म्हणून भोके मोकळी करून जातात, आणि परत आल्यावर दोन दिवस जास्त येतात. त्या महिन्याचे पैसे मी कापत नाही. माझ्या मते भरवशाचा माणूस म्हणजे कधीच खाडा न करणारा नव्हे. सांगून जाणारा आणि परत येणारा, तो भरवशाचा.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. माळी मिळत नाही म्हणून आमच्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत तीन अंगणांत फरशी बसली. एका घरचा जुना पारिजातक तोडला गेला, का तर पाला कोण झाडणार! आता पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही, सरळ रस्त्यावर येते. आणि आमच्या वयाची माणसे संध्याकाळी तापलेल्या फरशीकडे बघत बसतात. ज्याला खाली बसून माती उकरता येत नाही, त्याची बाग दुसऱ्याच्या हातांवरच जगते.

उपाय फार अवघड नाही. एका घराच्या कामावर कुणाचे पोट भरत नाही. पाच-सहा घरांनी मिळून एक माणूस ठरवावा, वार वाटून घ्यावेत, पैसे महिन्याचे आणि ठरल्या तारखेला द्यावेत. वारीची सुट्टी भरपगारी. एखाद्या तरुण मुलाला जुन्या माळ्याच्या हाताखाली घालावे, म्हणजे विद्या पुढे जाईल. एवढे करूनही माणूस टिकला नाही, तर मग खुशाल तक्रार करावी.

तुमच्या गावी, किंवा परदेशात असाल तर तिकडे, ही व्यवस्था कशी आहे? जरूर कळवा. पन्नास रुपयांची घासाघीस करणाऱ्यांनीही कळवावे, मी रागावणार नाही!