बॉनेट न उघडता आठ घोडे

गेल्या महिनाभरातल्या पत्रांत एकच रडगाणे आहे. गिऱ्हाइकाने गाडी रिमॅप करून घेतली, ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन डायनो शीट हातात पडल्या, कागदावर वाढ घसघशीत. पण कळंबोलीहून खालापूर टोलपर्यंत ताणली तरी पिकअप जुनाच. मग नाव खराब होते ते पनवेलच्या सगळ्याच ट्यूनरांचे.

एका वाचकाने अशी जोडी आमच्याकडे पाठवली. पहिल्या शीटच्या कोपऱ्यात करेक्शन एसएई, दुसरीवर एसटीडी. एसएई जे1349 मध्ये 25 अंश आणि 990 मिलिबार कोरडी हवा धरतात. एसटीडीची हवा त्याहून थंड आणि दाट. त्यामुळे तोच रन एसटीडीवर सुमारे 4 टक्के जास्त भरतो. पहिली शीट एचपीत, दुसरी पीएसमध्ये, आणखी 1.4 टक्के. छापलेले तापमान पाहा: आधी 24, नंतर 38, तेही एकाच शेडमध्ये, एकाच दुपारी! सेन्सर आधी एसीच्या केबिनमध्ये लोंबत होता, नंतर बाहेर आला, एवढाच अर्थ. त्याचे साधारण अडीच टक्के. चाकांवर 100 एचपी देणारी गाडी बॉनेट न उघडता 108 वर पोचली.

यावर ‘ड्राइव्हट्रेन लॉस’ म्हणून सरसकट 15 टक्के चढवणारे महाभाग वेगळेच. ब्रोशरमधला आकडा इंजिन डायनोवरचा असतो, आपला चाकांवरचा. मधला तोटा गिअरबॉक्स, तेलाचे तापमान, टायरची हवा, पट्ट्यांचा ताण यांवर हलतो. तो अंदाजाने मिळवून ब्रोशरशी तुलना करणे हा धंदा नव्हे, ज्योतिष आहे.

टर्बोवाल्यांनी तर जास्तच जपावे. ‘आधी’चा रन पनवेलला आणि ‘नंतर’चा पुण्याला घेतला, तर घाटमाथ्यावरच्या विरळ हवेमुळे करेक्शन 3 टक्क्यांवरून 8 च्या घरात जाते. ईसीयू मात्र बूस्ट सांभाळून ती तूट बरीचशी आधीच भरून काढतो. म्हणजे भरलेल्या खड्ड्यावर पुन्हा माती. टर्बो गाडीची अनकरेक्टेड शीट सोबत नसेल तर आकडा सांगूच नये.

एवढे माहीत असूनही चोख शीट का मिळत नाही? कारण ती कुणालाच सहीनिशी द्यायची नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52, त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आणि त्याच वर्षी आलेले कलम 182-अ: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रिमॅप यात बसतो का, हे आरटीओच्या खिडकीवर विचारा. साहेब दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतात. पीयूसीला डिझेलचा धूर मोजतात, टॉर्क कोणी मोजत नाही. म्हणजे खोटी शीट देणारा निर्धास्त, आणि गाडी नंबर, चॅसिस नंबर घालून खरी शीट देणारा स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणार! परिवहन खात्याने एकदाचे लेखी सांगावे: किती वाढ चालते, कुठल्या उत्सर्जन चाचणीनंतर, कुणाच्या सहीने.

पण खाते जागे होईपर्यंत आपण हातावर हात धरून बसायचे? मित्रहो, तोच डायनो, तोच दिवस, तोच गिअर (शक्यतो 1:1 च्या जवळचा), तेच करेक्शन, तेच स्मूदिंग, तोच फॅन. सेन्सर इनटेकपाशी. प्रत्येकी तीन रन, इनटेक तापमान ओबीडीवर नोंदवून, आणि तिन्ही गिऱ्हाइकाला द्या. सर्वांत उंच रेघ तेवढी निवडून नको. वाढ पाचच निघाली तर पाचच सांगा.

पुढच्या अंकापासून रॉ फाइल आणि अनकरेक्टेड शीट सोबत असल्याशिवाय ‘इतके एचपी वाढवून देऊ’ अशी जाहिरात आम्ही घेणार नाही. जुन्या जाहिरातदारांनाही सूट नाही. फाइली 20 तारखेच्या आत पाठवा.